आद्य मंडळीची पुनःस्थापना

येशूच्या प्रेषितांच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ख्रिस्ती मंडळी जशी होती तशीच ती पुन्हा उभी करावी या ध्यासातून निघालेल्या ख्रिस्ती चळवळी. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला चालू चर्चची सुधारणा हवी होती. या चळवळींना मधली सतरा-अठरा शतके ओलांडून थेट नव्या करारापाशी, म्हणजे बायबलच्या येशू आणि प्रेषितांविषयीच्या भागापाशी, पोचायचे होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना एवढेच दिसते. तेवढे धरावे आणि पंथांची नावे, धर्माधिकाऱ्यांची उतरंड खाली ठेवावी, असा हा आग्रह.

अमेरिकेत त्याला जोर आला तो १८०१ साली केंटकीतील केन रिज येथे भरलेल्या मोठ्या जागृती सभेनंतर. धर्मोपदेशक बार्टन स्टोन आणि थॉमस व अलेक्झांडर कॅम्पबेल हे पितापुत्र यांचे अनुयायी १८३२ साली एकत्र आले. सर्व ख्रिस्ती एक व्हावेत हा त्यांचा हेतू होता, पण ही चळवळही पुढे फुटली. १९०६ च्या अमेरिकी धार्मिक गणनेत तिच्यातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या गटाची नोंद ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ या गटापासून वेगळी झाली. वादाचे एक कारण वाद्ये होते: नव्या करारातल्या उपासनेत वाद्यांचा उल्लेख नाही, म्हणून ती नकोत, असे चर्चेस ऑफ ख्राइस्टचे म्हणणे. पेटी-तबल्यावर भजने म्हणत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा मुद्दा किती जड जाईल, हे वेगळे सांगायला नको.

अलेक्झांडर कॅम्पबेलने १८२६ साली इंग्रजी नवा करार छापला. त्यात ‘चर्च’ हा शब्द काढून त्याने लोकांच्या जमावाचा अर्थ देणारा शब्द घातला आणि बाप्तिस्म्याच्या जागी पाण्यात बुडवण्याचा. त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचा मराठी नवा करार पुरा झाला. आजच्या मराठी बायबलमध्ये चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द आहे. घरची मंडळी, गावची मंडळी म्हणतो तोच हा शब्द. मंडळी म्हणजे माणसे, इमारत नव्हे, हे इंग्रजीत वाद घालून पटवावे लागले. मराठीत ते शब्दातच आहे, आणि हे आपल्या भाषेचे मोठे देणे आहे.

मुंबईशी या विचाराचा थेट संबंध जुना. १८२० च्या दशकाअखेरीस डब्लिनमध्ये ब्रदरन चळवळ सुरू झाली. तिच्या आरंभीच्या लोकांपैकी अँथनी नॉरिस ग्रोव्हज हा इंग्लंडमधल्या एक्झिटरचा दंतवैद्य. चालता व्यवसाय सोडून तो धर्मप्रचारासाठी बगदादला गेला आणि तिथून १८३३ साली मुंबईत उतरला. बरोबर शंभर वर्षांनी, १९३३ साली, कॅनडात ख्रिस्ती झालेले पंजाबचे बख्त सिंग याच बंदरात उतरले आणि शहराच्या रस्त्यांवर उपदेश करू लागले. नव्या कराराच्या नमुन्यावर त्यांनी उभ्या केलेल्या मंडळ्या पुढे देशभर पसरल्या.

ब्रदरन उपासनेत पगारी पाळक नसतो, कारभार वडीलजन पाहतात. मध्ये मेज, त्यावर प्रभुभोजनासाठी एक भाकर आणि एक प्याला. लोक बराच वेळ गप्प बसतात. मग एखादा बंधू उठून प्रार्थना करतो, दुसरा गीत सुचवतो. बायका डोक्यावर पदर घेतात. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रात लिहिलेली ही सूचना पाळायला इंग्लंडमध्ये टोपी लागे. इथे खांद्यावरचा पदर वर सरकवला की झाले.

पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल प्रवाहालाही प्रेषितकालीन सामर्थ्य परत हवे होते. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची जागृती १९०६ ची. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तशी जागृती १९०५ सालीच आली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चौपाटीवर १८८९ साली शारदा सदन उघडणाऱ्या याच रमाबाई. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी पुढची वर्षे वेचली.

मॉर्मन आणि यहोवाचे साक्षीदार हे पंथही आपण आद्य मंडळीच पुन्हा उभारल्याचे सांगतात, पण त्र्यैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, प्रस्थापित सिद्धान्त ते मानत नसल्याने इतर बहुतेक चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत. वसईच्या कॅथलिकांना हा सारा खटाटोप अनाठायी वाटेल: त्यांच्या श्रद्धेप्रमाणे प्रेषितांपासूनची परंपरा कधी तुटलीच नाही.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना काटेकोर अर्थाने या चळवळीत बसवता येत नाही, तरी त्यांना वगळून मुंबईपुरती ही नोंद पुरी होत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सारे तिथे एका पंगतीचे. पाश्चात्त्य मिशनची मध्यस्थी न घेता ख्रिस्तापाशी जाता यावे, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईतच ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी उपासनेत आजही म्हटली जातात, आणि तीही पेटी-तबल्यावर.