मिडी फाइलचा आवाज ‘हलका’ असतो का?

‘कीबोर्डचं मिडी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाजतं, कारण फाइलच हलक्या दर्जाची असते.’ सांगलीकडच्या वाद्यवृंदवाल्यांकडून हे अनेकदा ऐकलंय. अनुभव खरा, कारण वेगळं.

मिडी फाइलमध्ये सहसा आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती वेळ, किती जोरात (० ते १२७) दाबली, फार तर वाद्याचा क्रमांक, अशी नोंद. नोटेशनची वहीच म्हणा ना! ती मिरजेच्या सतारीसारखी गोड वाजणार की जत्रेतल्या पिपाणीसारखी, हे कॉम्प्युटरमधला सिंथ (नोंदीवरून आवाज तयार करणारा प्रोग्रॅम) ठरवतो.

खात्री करायचीय? आकार बघा: तीन मिनिटांची मिडी बहुधा काही केबींची, सीडी दर्जाचं वेव्ह (प्रत्यक्ष आवाजाची फाइल) सुमारे ३० एमबी. मग साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजाच्या नमुन्यांचा संच) घेणाऱ्या प्लेअरमध्ये चांगल्या पियानोचा साउंडफॉन्ट घालून तीच फाइल वाजवा. स्पीकर नंतर बदला.