उपाशी पेशीला आयोडीनचा घास

बेलापूरच्या आमच्या मावशीने थायरॉइडचा कॅन्सर, ऑपरेशन सगळं मुकाट सोसलं. वैतागली ती पथ्याला. दोन आठवडे मासळी बंद, आयोडीनचं मीठ बंद. खाडीकाठी जन्म गेलेली बाई! डब्यातली सुकट तिने शेजारी देऊन टाकली, वास नको म्हणून.

थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं आणि ते ती रक्तातून हावरटासारखं ओढते. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरच्या पेशी बिघडल्या तरी ही खोड बहुधा सोडत नाहीत. ग्रंथी काढल्यावर गळ्यात किंवा फुप्फुसात काही पेशी उरल्या, तर आधी त्यांची उपासमार करायची आणि मग आयोडीन-१३१ची गोळी द्यायची. हे आयोडीन किरणोत्सारी आहे, हे पेशीला ओळखता येत नाही. ती ते गिळते आणि त्यातून सुटणारे बीटा कण तिला आतूनच मारतात. त्यांची धाव जेमतेम एक-दोन मिलिमीटर, त्यामुळे पलीकडचे अवयव बरेचसे वाचतात. १९४१ साली अमेरिकेत सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा रुग्णाला दिलं; तो आजार मात्र कॅन्सर नव्हता, अतिकाम करणारी थायरॉइड होती.

गोळीतून गॅमा किरणही निघतात, ते शरीराबाहेर येतात. म्हणून मावशी वेगळ्या खोलीत, डॉक्टर दाराशी उभे राहून बोलणार. पाणी भरपूर प्यायचं, कारण उरलेलं आयोडीन लघवीवाटे जातं. ते सांडपाणीही थेट गटारात सोडत नाहीत, टाकीत साठवून निवू देतात. दर ८ दिवसांनी आयोडीन-१३१ निम्मं होतं. त्यामुळे साठा करून ठेवण्याची सोय नाही. तुर्भ्याच्या, म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या, अणुभट्टीत टेल्युरियम या मूलद्रव्यापासून ते तयार होतं. खाडीपलीकडे वाशीत ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था अशी किरणोत्सारी औषधं बनवून रुग्णालयांना पुरवते. वाशीच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.

थायरॉइडच्याच मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरला आयोडीनची भूक नसते, तिथे ही गोळी वाया. प्रोस्टेटच्या गाठीला तर आयोडीनशी देणंघेणंच नाही. पण तिच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारा रेणू घ्यायचा, त्याच्या पाठीवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवायचं आणि शिरेतून सोडायचं. हार्मोन सोडणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी वाहक रेणू वेगळा, ओझं तेच. मला यातलं डोकं आवडतं: भूक नसेल तर कुलूप शोधा.

मावशीला कोंडून ठेवणाऱ्या गॅमा किरणांनीच पुढे स्कॅन काढला. गळ्याशी एक काळा ठिपका होता. तंत्रज्ञाने सांगितलं, औषध जिथे गेलं ते दिसतंय. मावशी म्हणाली, “म्हणजे गिळलं म्हणायचं मेलीनं!”