खरे-खोटे बोलणाऱ्यांची संभाव्यता

कधी खरे, कधी खोटे बोलणाऱ्या दोन किंवा अधिक माणसांनी एकाच गोष्टीबद्दल काही सांगितले, तर ती गोष्ट खरी असण्याची शक्यता किती, हे काढण्याचा गणितातील प्रश्नप्रकार. प्रत्येकाच्या खरेपणाचे प्रमाण दिलेले असते आणि त्यांचे बोलणे एकमेकांपासून स्वतंत्र मानलेले असते. म्हणजे पहिला खरे बोलला की खोटे, याने दुसऱ्याच्या बोलण्यात फरक पडत नाही. अशा वेळी दोन शक्यतांचा सरळ गुणाकार करता येतो.

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांचा ढीग आला आहे असे समजू. तो काटोलचा आहे की नाही, दोन्ही शक्यता सारख्या. दोन (काल्पनिक) अडत्यांपैकी पहिला ४ पैकी ३ वेळा खरे बोलतो, दुसरा ५ पैकी ४ वेळा. दोघेही खरे बोलण्याची संभाव्यता ३/४ × ४/५ = १२/२०; दोघेही खोटे बोलण्याची १/४ × १/५ = १/२०. म्हणून त्यांचे एकमत होण्याची शक्यता १३/२०, तर परस्परविरोधी बोलण्याची ७/२०. एकमत झालेच, तर ते खरे असण्याची संभाव्यता १२/१३ होते. दोघांपैकी एकावरही एवढा भरवसा ठेवता येत नव्हता. विरोध झाला तर दुसऱ्याचे खरे असण्याची शक्यता ४/७, म्हणजे निम्म्याहून थोडीच जास्त.

आता प्रश्न 'काटोलचा की नाही' असा न ठेवता 'काटोल, नरखेड, वरुड की मोर्शी' असा विचारला, चारही शक्यता सारख्या धरल्या आणि खोटे बोलणारा उरलेल्या तीन नावांपैकी कोणतेही सहज उचलतो असे मानले, तर दोघांनी एकच चुकीचे नाव घेण्याची शक्यता १/२० × १/३ = १/६० इतकी घटते. मग एकमताचे वजन ३६/३७ वर जाते. खरे एकच असते आणि खोटे अनेक, म्हणून खोट्यावर जुळणे कठीण.

हे सारे उभे आहे ते स्वातंत्र्याच्या गृहीतकावर. दोघांनी बाजाराबाहेर एकाच टपरीवर चहा घेताना बोलणे ठरवले असेल आणि दुसरा फक्त पहिल्याची री ओढत असेल, तर एकमत शंभर टक्के होईल, पण त्याची किंमत पहिल्याच्या ३/४ एवढीच राहील. वकिलांच्या भाषेत हा 'पढवलेला साक्षीदार'. नुसत्या संख्येला महत्त्व नाही; १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३४ नुसारही एखादी बाब शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नव्हती.

एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात या प्रकाराचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ४ पैकी ३ वेळा खरे बोलणारा माणूस फासा टाकतो आणि 'सहा पडला' म्हणतो. खरोखर सहा पडला असण्याची संभाव्यता किती? पुस्तकाचे उत्तर ३/८. त्यात फासा सहा नसताना खोटे बोलणारा दर वेळी 'सहा'च म्हणतो असे न सांगता धरले आहे. तो उरलेल्या पाच आकड्यांपैकी कोणताही सांगत असेल, तर उत्तर ३/४ येते. विद्यार्थी इथे अडखळतात तेव्हा दोष त्यांच्या आकडेमोडीचा नसतो. खोटे कसे बोलले जाते हेच प्रश्नात लिहिलेले नसते.

कर्णोपकर्णी जाणाऱ्या बातमीचा हिशोब जुना आहे. १६९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका निनावी लेखात बातमी हाती-हाती फिरताना तिची विश्वासार्हता गुणाकाराने घटत जाते असे मांडले होते. प्रत्येकजण ९/१० विश्वासार्ह असेल तर सातव्या माणसापर्यंत ती निम्म्याखाली जाते. हो-नाहीच्या बातमीत मात्र दोन खोटी एकमेकांना खोडतात. तिथे सात जणांनंतरही ती सुमारे ०.६० राहते आणि १/२ च्या खाली कधीच उतरत नाही. पुढे कोंडोर्से आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांनी साक्षींचे व न्यायनिवाड्यांचे गणित वाढवले.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९३५ मध्ये चौघांचे कोडे मांडले. प्रत्येकजण ३ पैकी १ वेळाच खरे बोलतो, आणि पहिला म्हणतो की 'चौथा खोटे बोलतो' असे तिसऱ्याने सांगितल्याचे दुसरा नाकारतो. चौथा खरे बोलला असण्याची संभाव्यता एडिंग्टन यांच्या मते २५/७१. प्रत्येकाने पुढच्याबद्दल काहीतरी विधान केलेच आहे असे मानले, तर ती १३/४१ येते.