डिस्पोजर असलेल्या दुहेरी सिंकची निचरा-जोडणी

स्वयंपाकघरातील दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये एका कप्प्याखाली खरकटे दळणारे यंत्र, म्हणजे डिस्पोजर, बसवलेले असताना दोन्ही कप्प्यांचे सांडपाणी भिंतीतील पाइपापर्यंत नेण्यासाठी केलेली पाइपजोडणी. साध्या कप्प्याचे पाणी आपल्या वजनाने खाली जाते, डिस्पोजरचे जोराने ढकलले जाते. हे दोन प्रवाह एकत्र कसे आणायचे, यावरच सगळे काम बेतलेले असते.

डिस्पोजर हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन येथील वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९३५ मध्ये मिळाले. त्यात मिक्सरसारखी पाती असतात असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. फिरत्या तबकडीवरचे सैल ठोकळे खरकटे बाहेरच्या दातेरी कड्यावर फेकतात, तिथे ते किसले जाते आणि पाण्याबरोबर बाजूच्या तोंडातून बाहेर पडते.

जोडणी अवघड होते ती उंचीमुळे. साध्या कप्प्याच्या जाळीखालचा पाइप हवा तेवढा कापता येतो. डिस्पोजरचे तोंड मात्र यंत्राच्या बांध्याने ठरलेले असते आणि सिंकच्या तळापासून बरेच खाली येते. भिंतीतला पाइप पूर्वीच्या उथळ सिंकच्या हिशेबाने वर काढलेला असेल, तर ट्रॅपमधल्या, म्हणजे सिंकखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपातल्या, पाण्याची पातळी या तोंडाच्या वर राहते. मग यंत्रातले पाणी पुरते ओसरत नाही, राखाडी गाळ आत कुजतो आणि सिंकला वास मारतो. यावर खरा उपाय एकच: भिंत फोडून पाइप खाली घेणे. ते टाळायला घड्यांचा लवचिक पाइप ओढूनताणून बसवतात, पण त्याच्या घडीघडीत गाळ धरतो. असे काम करूच नये.

दोन्ही कप्पे मिळून एक ट्रॅप ही नेहमीची पद्धत. डिस्पोजरचा आडवा पाइप साध्या कप्प्याच्या उभ्या पाइपाला टीने, म्हणजे T अक्षरासारख्या तीन तोंडांच्या जोडणीने, जोडतात आणि खाली पी-ट्रॅप, म्हणजे P अक्षरासारखा वळलेला ट्रॅप, बसवतात. इथे टी निवडताना चूक होते. साध्या टीमध्ये डिस्पोजरचा लोंढा समोरच्या भिंतीवर आपटून वर उसळतो आणि शेजारच्या कप्प्याच्या जाळीतून खरकटे डोकावते. म्हणून आत आडपडदा असलेली, प्रवाह खाली वळवणारी टी हवी. काही ठिकाणच्या नियमांत डिस्पोजरला स्वतंत्र ट्रॅप सांगितलेला असतो. सिंकखाली जागा असेल तर नियम नसतानाही ही पद्धत उजवी, कारण एक बाजू तुंबली तरी दुसरी बहुधा चालू राहते. मात्र एकाच वाटेवर एकामागे एक दोन ट्रॅप कधीही लावू नयेत. मधे हवा कोंडून पाणी अडते.

अमेरिकेतील नळकामाच्या नियमसंहितांनुसार ट्रॅपमध्ये २ ते ४ इंच पाणी उभे राहायला हवे. गटाराचा वायू तेच अडवते. ट्रॅपपासून भिंतीकडे फुटाला पाव इंच ढाळ देतात. पुढे हवेचा पाइप नसेल, तर वाहते पाणी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते.

सांध्यांचे काम बारीक आहे. पाइपावर आधी नट, मग वॉशर चढवायचा. वॉशर एका बाजूने निमुळता असतो. ती बाजू सांध्याच्या तोंडाकडे हवी. उलटा बसला तर नट कितीही आवळा, थेंब येतच राहतो. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. पान्ह्याचा जोर लावला की आटे जातात. डिशवॉशरची नळी डिस्पोजरला जोडायची असल्यास तिथल्या तोंडातले बूच आधी ठोकून काढावे लागते आणि आत पडलेला तुकडा उचलावा लागतो. हे विसरले जाते आणि डिशवॉशरचे पाणी आतच राहते. शेवटी दोन्ही कप्पे काठोकाठ भरून एकदम सोडावेत, यंत्र चालू करावे आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवावा.

डिस्पोजर चालू करताच शेजारच्या कप्प्यात राखाडी पाणी वर येऊन तिथेच तुंबले, तर यंत्राला दोष देऊ नये. अडथळा टीच्या पुढे, बहुधा ट्रॅपमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपात असतो. फक्त डिस्पोजरच्याच कप्प्यात पाणी साचत असेल, तर तो यंत्रात किंवा आडव्या पाइपात शोधावा. रबरी पंपाने मोकळे करताना दुसऱ्या कप्प्याचे तोंड ओल्या फडक्याने दाबून धरावे लागते, नाहीतर सगळा दाब तिकडूनच निघून जातो.