पॉइंट टू टूवरचा स्कोप स्वस्त कसा झाला

ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना पॉइंट टू टू, म्हणजे .२२ इंची गोळीच्या रायफलची ओळख करून द्यायला नको. पोटावर झोपायचं, कोपराला खडे टोचत असतात, २५ मीटरवर टार्गेट. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट एका रेषेत आणायचं, श्वास धरायचा आणि ट्रिगर हलकेच दाबायचा. स्कोपचा, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचा, तिथे प्रश्नच नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेही याच पॉइंट टू टूच्या गोळीवर आणि स्कोपशिवाय. त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालत नाही, पीप साइटच्या बारीक भोकातूनच नेम धरावा लागतो. दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. आपल्या नखाएवढं.

म्हणूनच आपल्याकडच्या नेमबाजांना पॉइंट टू टूवरचा स्कोप परका वाटतो. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. मी टेक्सासमध्ये राहतो. इथे नवी रिमफायर, म्हणजे पॉइंट टू टूच्या जातीची रायफल घेतलेला माणूस लगेच विचारतो की कमी पैशात स्कोप कुठला घेऊ. उत्तरादाखल लोक त्याला दोन-चार मॉडेलांची नावं सांगतात. मला मात्र वाटतं, हे स्कोप स्वस्त कसे झाले आणि होताना त्यांच्यातून काय काय काढून टाकलं गेलं, हे आधी कळलं तर निवड त्याची त्याला करता येईल.

सुरुवात गोळीपासून करावी लागते. १८४५ मध्ये पॅरिसच्या फ्लोबेर याने घरातल्या नेमबाजीसाठी इवलंसं काडतूस बनवलं. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू टू शॉर्ट काढलं आणि १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस आणलं. आज जगभर जे वापरतात ते हेच. या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेटतो. कड चेपायची तर पत्रा पातळ हवा आणि पत्रा पातळ म्हणजे आतला दाब बेताचाच ठेवावा लागतो. त्यामुळे या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच. स्वस्त स्कोपची सगळी कथा या पातळ पत्र्यापासून सुरू होते. मोठ्या रायफलीचा धक्का सोसायला स्कोपची नळी जाड आणि भिंगं घट्ट बसवलेली लागतात. पॉइंट टू टूवर नाजूक नळीसुद्धा वर्षानुवर्षं टिकते.

रायफलीवर दुर्बीण चढवायची कल्पना रिमफायरच्याही आधीची. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी मॉर्गन जेम्स नावाच्या बंदूककाराने जॉन चॅपमन यांच्या आराखड्यावरून अशा नळ्या बनवल्या. चॅपमन यांनी १८४४ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. याच काळातला एक धागा आपल्याकडेही येतो. मुंबई लष्करातले अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी रायफलीच्या डाव्या बाजूला बसणारी दुर्बीण तयार केली. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर डेव्हिडसनच्या दुर्बिणी दिसल्या. १८५५ मध्ये सिराक्यूजच्या विल्यम माल्कम यांनी जास्त स्वच्छ भिंगांचे स्कोप विकायला काढले. या सगळ्या नळ्या बारीक आणि लांबलचक, काही तर नळकांड्याच्या टोकापासून पार डोळ्यापर्यंत. नेम वर-खाली करायचा तर बाहेरच्या माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू फिरवून अख्खी नळीच हलवावी लागे.

पॉइंट टू टू लाँग रायफल आणणाऱ्या स्टीव्हन्सनेच १९०१ मध्ये बफेलोची कॅटॅरॅक्ट ही स्कोप बनवणारी कंपनी विकत घेतली. रायफल आणि स्कोप एका छपराखाली आले. पाठोपाठ विंचेस्टरचा ए-फाइव्ह स्कोप आला. पिट्सबर्गच्या फेकर आणि उनर्टल यांचे स्कोप तर आजही जपून ठेवण्यासारखे आहेत. पण ते होते स्पर्धकांसाठी. खारी आणि ससे मारणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ते परवडणारे नव्हते. शिकारीचे चांगले स्कोप जर्मनी-ऑस्ट्रियाहून येत आणि तेही महाग.

इथे बिल वीव्हर येतो आणि मला याच्याजवळ जरा थांबायचं आहे.

१९३० साल. महामंदीला नुकतीच सुरुवात झालेली. केंटकीतल्या न्यूपोर्ट गावात पंचविशीच्या आसपासच्या विल्यम वीव्हरने स्वतःच्या हाताने स्कोप बनवायला घेतला. नाव मॉडेल ३३०, तीन पट मोठं दाखवणारा, पाऊण इंची पोलादी नळी. माउंटसकट किंमत १९ डॉलर. दिसायला साधा. दृश्याच्या कडा थोड्या धूसर, उजेडही बेताचा. पण नेमाची फिरकी, म्हणजे नेम वर-खाली, डावा-उजवा करायची यंत्रणा, नळीच्या आत होती. बाहेरचं माउंट जागच्या जागी राही आणि आतली क्रॉसहेअरची, म्हणजे नेमाच्या उभ्या-आडव्या रेघांची, चौकट सरके. कमी पैशात कुठे कपात करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे वीव्हरला नेमकं कळलं होतं. भिंगाच्या कडा धूसर असल्या तरी नेम चुकत नाही. फिरकी ढिली असली तर मात्र चुकतो. त्याने कडा सोडल्या आणि फिरकी धरून ठेवली. १९३३ मध्ये तो टेक्सासच्या एल पासो शहरात आला आणि तिथे मोठा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला स्नायपर रायफलींसाठी घाईने स्कोप हवे होते. त्यांनी स्प्रिंगफील्ड रायफलीवर हाच ३३० बसवला आणि त्याला एम-७३-बी-१ असं नाव दिलं. सामान्य शिकाऱ्यासाठी काढलेला १९ डॉलरचा स्कोप युद्धावर गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वीव्हरने पॉइंट टू टूसाठी आणखी स्वस्त स्कोप काढले. आधी २९-एस, युद्धानंतर बी-फोर आणि बी-सिक्स. दरम्यान रायफलवाल्यांनीही एक सोय केली. बहुतेक रिमफायर रायफलींच्या पाठीवर लांबीच्या दिशेने दोन खाचा कापून येऊ लागल्या, मधली पट्टी साधारण ३/८ इंच किंवा ११ मिलिमीटर रुंदीची. आता बंदूककाराकडे जाऊन भोकं पाडायची गरज उरली नाही. माउंट खाचेत सरकवायचं, दोन स्क्रू आवळायचे, झालं. १९६० मध्ये मार्लिन मॉडेल ६० आणि १९६४ मध्ये रूगर १०/२२ या पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या स्वस्त ऑटोलोडिंग रायफली आल्या आणि लाखोंनी खपल्या. त्यांच्याबरोबर छोट्या स्कोपचं गिऱ्हाईकही वाढलं.

हे गिऱ्हाईक जपानने ओळखलं. युद्धानंतर तिथले भिंगांचे कारखाने कॅमेरे आणि दुर्बिणींकडे वळले होते. कॅलिफोर्नियात डेव्हिड बुशनेल यांनी आणि मायामीत टॅस्कोने जपानी माल आणून आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. काचेवर थर चढवून परावर्तन कमी करण्याची युक्ती झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली होती आणि युद्धाची पहिली काही वर्षं ती जर्मन लष्कराचं गुपित राहिली. नंतर मात्र ती स्वस्त स्कोपमध्येसुद्धा उतरली. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि स्वस्त मालाचं उत्पादन हळूहळू फिलिपिन्स, तैवान आणि चीनकडे सरकलं. एल पासोचा वीव्हर कारखाना त्याआधीच, १९८४ मध्ये बंद पडला होता. नाव दुसऱ्यांच्या हाती गेलं. आजच्या रायफलींवर दिसणारी, स्कोप बसवायची खाचाखाचांची पिकॅटिनी पट्टी मात्र वीव्हरच्या माउंटवरूनच आली आहे.

स्वस्ताईच्या या दुसऱ्या टप्प्यात कपात चुकीच्या जागी झाली. ४×१५ आणि ३-७×२० असे पाऊण इंची स्कोप प्लॅस्टिकच्या वेष्टनात रायफलीबरोबर मिळू लागले. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, × नंतरचा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, एवढाच उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ४×१५ मध्ये तो पावणेचार मिलिमीटर होतो आणि ४×३२ मध्ये आठ. सूर्य मावळताना झाडाखाली बसलेला ससा शोधायचा असेल तर हा फरक लगेच जाणवतो. काहींनी यावर इलाज म्हणून मोठ्या रायफलीचा जुना एक इंची स्कोप पॉइंट टू टूवर चढवला आणि तिथे दुसरीच अडचण उभी राहिली. तिचं नाव पॅरलॅक्स.

पॅरलॅक्स स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. माझ्या पहिल्या रिमफायर रायफलीवर मी असाच एक शिकारी स्कोप लावला होता, मोठ्या रायफलीसाठी बनवलेला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवली, २५ यार्डांवर टार्गेट लावलं आणि हात काढून घेतला. मग डोकं थोडं डावीकडे-उजवीकडे केलं. रायफल स्थिर होती आणि क्रॉसहेअर मात्र टार्गेटवर इकडून तिकडे सरकत होतं, काळ्या ठिपक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, का पसरतोय म्हणून मी दोन महिने काडतुसं बदलत होतो. दोष काडतुसांचा नव्हता.

कारण असं की स्कोपच्या आत टार्गेटची प्रतिमा जिथे पडते त्याच पातळीवर क्रॉसहेअर असावं लागतं आणि हे एका ठरावीक अंतरासाठीच जुळतं. मोठ्या रायफलींचे स्कोप साधारण १०० ते १५० यार्डांसाठी जुळवलेले असतात, रिमफायरचे ५० किंवा ६० साठी. हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर, स्कोप १०० यार्डांवर जुळवलेला आणि टार्गेट ५० वर असेल, तर डोळा पार कडेला गेल्यास नेम आठ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो, २५ वर बारापर्यंत. आपल्या गोळीची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. गाल दर वेळी लाकडाच्या त्याच जागी ठेवणाऱ्याला हा त्रास कमी होतो, पण नवशिक्याला ती सवय नसते आणि स्वस्त स्कोप घेणारा बहुधा नवशिकाच असतो. त्याला त्यातून मिळते ती निराशा आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न करतो: खोक्यावर पॅरलॅक्सचं अंतर किती लिहिलंय? ५० किंवा ६० यार्ड असेल तर पुढे बोलू. पुढच्या भिंगावर किंवा बाजूला अंतर जुळवायची कडी असेल तर उत्तमच. मोठेपणाच्या आकड्याला मी शेवटी विचारतो. १०० यार्डांच्या आत सहा पटीपलीकडे जायची वेळ क्वचित येते आणि स्वस्त स्कोपवरचे १२, १६ असे आकडे बहुतेक वेळा काचेच्या दर्जातून वजा केलेले असतात. त्या पैशात साधा ४×३२ किंवा २-७×३२ कितीतरी चांगला मिळतो.

दुसरी तपासणी रेंजवरची. स्कोप झीरो करून, म्हणजे नेम आणि गोळी एकाच ठिकाणी पडतील असं जुळवून, तीन गोळ्या मारा. मग फिरकी वीस क्लिक, म्हणजे वीस टप्पे, उजवीकडे, तीन गोळ्या. वीस वर, तीन गोळ्या. वीस डावीकडे, वीस खाली आणि पुन्हा तीन. शेवटचा ग्रुप पहिल्याच्या अंगावर पडला पाहिजे. पडला नाही तर पावती जपून ठेवलेली असावी. ५० यार्डांवर झीरो केलेली साधी पॉइंट टू टू गोळी १०० वर सहा-सात इंच खाली येते, त्यामुळे दूरचा नेम धरणाऱ्याला फिरकी सारखी हलवावीच लागते आणि ती परत जागेवर आली नाही तर बाकी सगळं वाया. अमेरिकेतल्या एनआरएल-२२ या पॉइंट टू टूच्या स्पर्धांमध्ये एका गटाला रायफल आणि स्कोप मिळून किमतीची मर्यादा घालून दिलेली आहे. हे मला फार आवडतं, कारण तिथे मध्यम किमतीचे स्कोप महिन्यामागून महिने अशी फिरवाफिरव सोसतात आणि कुठला टिकतो ते उघड दिसतं.

भारतातून कोणी स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी विचारलं तर सल्ला बदलतो. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. रिमफायरसाठी बनवलेली नळी अशा उलट्या धक्क्याची नसते, तिच्या आतली भिंगं आणि क्रॉसहेअर सैल होतात. शिवाय १० मीटरसाठी जुळणारी कडीही लागते. तिथे 'एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यावा आणि रिमफायरचा रिमफायरवरच राहू द्यावा.