भ्रमकारक अळंबीचे बीजाणू: अर्धे खरे आणि पूर्ण धोका

सायलोसायबे क्युबेन्सिस ही भ्रम निर्माण करणारी अळंबी उष्ण, दमट हवेत गुरांच्या शेणावर वाढते. तिचे बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, सिरिंजमध्ये किंवा कागदावर घेतलेल्या ठशाच्या रूपात, ‘केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी’ म्हणून ऑनलाइन विकले जातात. बीजाणूंत नशेचे द्रव्य नसते, म्हणून ते बाळगण्यात गैर काही नाही, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. सातारा-कराडकडे महाविद्यालयांत शिकणारी मुले तो सहज खरा मानू शकतात, म्हणून तो तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

युक्तिवादाचा पहिला भाग बरोबर आहे. मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या या जांभळट-तपकिरी कणांत सायलोसायबिन, म्हणजे नशेचे द्रव्य, जवळजवळ नसते. बीजाणू रुजून तंतूंचे जाळे वाढू लागले की ते तयार होऊ लागते. स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये वेगळे केलेले हे द्रव्य शरीरात गेल्यावर सायलोसिनमध्ये बदलते आणि मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटून जाणिवांचा गोंधळ उडवते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात ही दोन्ही द्रव्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचीत आहेत आणि आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही ती आहेत. बीजाणूंचा उल्लेख त्या यादीत नाही. पण उल्लेख नसणे म्हणजे मोकळीक नव्हे. याच कायद्याने अफूच्या बोंडांवर बंदी घालताना बिया, म्हणजे आपली खसखस, स्पष्ट शब्दांत वगळली आहे. तरीही ती खसखस परवान्याशिवाय शेतात पेरणे गुन्हाच आहे. बीजाणूंना तर असा स्पष्ट अपवादही मिळालेला नाही. ते रुजवले की सायलोसायबिनचे उत्पादन सुरू होते, आणि कलम २८ नुसार गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. परदेशातून बीजाणू मागवणाऱ्याला आणखी एक अडसर आहे, कारण २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार जिवंत बुरशीची संवर्धने परवान्याशिवाय आणता येत नाहीत. अमेरिकेतही कॅलिफोर्निया, जॉर्जिया आणि आयडाहो या राज्यांनी असे बीजाणू स्वतंत्रपणे बंदीखाली आणले आहेत, त्यामुळे ‘तिकडे सगळे चालते’ हा दावाही टिकत नाही.

केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना म्हटले की अळंबी ही नैसर्गिक बुरशी आहे, तिला अमली द्रव्याचे ‘मिश्रण’ मानता येणार नाही. या निर्णयाचा उल्लेख अलीकडे फार उत्साहाने होतो. वास्तविक तो वाद संपूर्ण अळंबीचे वजन मोजायचे की त्यातील सायलोसायबिनचे, याविषयीचा होता. त्या द्रव्यावरची बंदी त्याने उठवलेली नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले तर सायलोसायबिनने थेट विषबाधा होऊन मृत्यू येणे दुर्मिळ आहे. परंतु ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकाराचा इतिहास आहे, अशा तरुणांत त्याने तीव्र मनोविकार उफाळू शकतो, आणि लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका वैद्यकीय अहवालातील रुग्णाने अशा अळंबीचा काढा शिरेत टोचून घेतला होता. पुढे त्याच्या रक्तातून तीच बुरशी वाढवता आली आणि त्याचे अनेक अवयव निकामी होऊ लागले होते.

मला सर्वांत मोठी चिंता वाटते ती ओळखीतल्या चुकीची. जावळी-पाटणच्या डोंगरांत पावसाळ्यात वारुळावरच्या अळंब्या गोळा करणाऱ्या जाणत्या माणसांचीही नजर कधी फसू शकते, तिथे मोबाइलवरील छायाचित्राच्या भरवशावर रानात फिरणाऱ्याचे काय होणार? गॅलेरिना मार्जिनाटा ही लहान तपकिरी अळंबी सायलोसायबेच्या काही जातींसारखी दिसते आणि तिच्यात ॲमाटॉक्सिन असते. हे विष शिजवून नष्ट होत नाही. ते पेशीतील आरएनए बनवण्याची क्रियाच थांबवते, म्हणून यकृत निकामी होते. उलट्या-जुलाब सहा तासांनंतर, कधी बारा किंवा चोवीस तासांनी सुरू होतात, मग दिवसभर बरे वाटते, आणि नेमक्या त्याच काळात यकृताचा नाश चालू असतो. त्यामुळे अळंबी खाल्ल्यावर उशिरा त्रास सुरू झाला, तर उलट्या थांबल्या तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे, आणि उरलेली अळंबी प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळून सोबत द्यावी. ओलसर प्लास्टिकमध्ये ती लवकर कुजते आणि मग तिची ओळख पटवणे अवघड होते.