काट्याला खरं बोलायला लावणारी पेटी

"फोनवर चार दांड्या दिसतायत, मग आवाज का तुटतोय?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचं उत्तर असं, की त्या दांड्यांसाठी सगळ्या कंपन्यांना बांधून घेणारं कुठलंच प्रमाण नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. जुलै 2010 मध्ये ॲपलने जाहीरपणे कबूल केलं होतं, की आयफोनमधलं दांड्यांचं सूत्रच चुकलं आहे आणि फोन कित्येकदा दोन दांड्या जास्त दाखवतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) जुन्या रेडिओतला हिरवा चमकणारा दर्शक, 'मॅजिक आय', तरी काय सांगायचा? स्टेशन नीट लागलं की नाही, एवढंच. सिग्नल नेमका किती, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

मात्र 'किती' हे आकड्यात सांगणारी उपकरणं होती, ती म्हणजे क्षेत्रतीव्रता मीटर (फील्ड स्ट्रेंथ मीटर), आणि माझ्या मते रेडिओच्या इतिहासातली ती सर्वांत प्रामाणिक यंत्रं आहेत.

सुरुवातीला मोजमाप कानाने व्हायचं. 1910 च्या सुमारास अमेरिकन नौदलासाठी लुई ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँट रॉक केंद्राचे संदेश समुद्रात दूर गेलेल्या युद्धनौकांवर मोजले. हेडफोनला समांतर एक रोध (रेझिस्टर) जोडायचा आणि मोर्सचे ठिपके-रेघा जेमतेम ओळखू येतील इथपर्यंत तो कमी करत न्यायचा. रोध जितका कमी करावा लागला, तितका सिग्नल जोरकस. या नोंदींवरून सूत्रही तयार झालं. पण ऐकणारा बदलला किंवा आभाळ गडगडलं, की आकडाही बदलायचा.

खरं मोजमाप म्हणजे काय, ते आधी ठरवू. एक मीटर उंचीची उभी तार लहरीत धरली, तर त्या लहरीमुळे तिच्या टोकांमध्ये जितका व्होल्टेज निर्माण होईल, ती त्या जागेची क्षेत्रतीव्रता. मीडियम वेव्हसाठी ती मिलिव्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात. प्रत्यक्षात मात्र उभ्या तारेऐवजी लूप, म्हणजे चौकटीवर गुंडाळलेले तारेचे वेढे, वापरतात, आणि खरी गंमत या लूपमध्येच आहे.

समजा, 30 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी चौकटीवर तारेचे दहा वेढे घेतले आणि चौकटीची कड स्टेशनच्या दिशेला ठेवली. लहर पुढच्या उभ्या बाजूला आधी पोचते, मागच्या बाजूला किंचित उशिरा. दोन्ही बाजूंत जवळजवळ सारखाच व्होल्टेज तयार होतो. पण वेढा पुरा फिरताना हे दोन व्होल्टेज एकमेकांविरुद्ध येतात आणि उरतो फक्त त्या किंचित उशिराचा फरक. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची 558 किलोहर्ट्‌झची लहर घेतली, तर तिची लांबी सुमारे 537 मीटर. तिच्यापुढे 30 सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. लूपची प्रभावी उंची काढायची, तर 2π गुणिले वेढे गुणिले क्षेत्रफळ, भागिले तरंगलांबी. उत्तर येतं साधारण 1 सेंटिमीटर! एवढी मोठी चौकट एक सेंटिमीटर तारेइतकंच काम करते. मग तिचा हट्ट कशासाठी? कारण हा आकडा केवळ भूमितीतून येतो. फूटपट्टीने चौकट मोजा, वेढे मोजा, झालं. ती उन्हाने बदलत नाही, जुनी होत नाही.

लूप काटकोनात फिरवला, की लहर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोचते, फरक शून्य होतो आणि काटा खाली येतो. पण संपूर्ण लूप आणि खालची मीटरची पेटी मिळून साध्या उभ्या अँटेनासारखंही थोडं वागतात. हा आगंतुक व्होल्टेज लूप कसाही फिरवला तरी जात नाही, आणि शून्य धूसर होतं. म्हणून वेढे धातूच्या नळीत घालतात आणि नळीला एका ठिकाणी चीर ठेवतात. ती चीर नसती, तर नळी हाच एक शॉर्ट झालेला वेढा बनून सगळा सिग्नल गिळून बसली असती.

आता अवघड भाग. लूपमधून येतात मायक्रोव्होल्ट. व्हेरिएबल कंडेन्सरने लूप स्टेशनच्या वारंवारितेशी जुळवून अनुनादात आणला की ते कित्येक पटींनी वाढतात, पुढे व्हॉल्व्ह आणखी वाढवतात. पण ही वाढ हवेतल्या दमटपणाने बदलते, बॅटरी उतरली की बदलते, वारंवारितेप्रमाणेही बदलते. मग काट्यावर विश्वास कसा ठेवायचा? ताणकाट्याची स्प्रिंग ढिली झाली, तरी आधी वस्तू आणि मग माहितीतली वजनं टांगून काटा त्याच जागी आणला की खरं वजन कळतं. इथेही तेच. पेटीतच एक ऑसिलेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारितेचा सिग्नल तयार करणारं मंडल, असतो. तो स्टेशनच्याच वारंवारितेवर लावायचा, स्टेशनचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून लूप शून्यावर फिरवायचा, आणि माहितीतला व्होल्टेज लूपच्याच मंडलात सोडून काटा खुणेवर येईपर्यंत गेनचं, म्हणजे वाढ कमीजास्त करणारं, बटण फिरवायचं. मग ऑसिलेटर बंद. लूप स्टेशनकडे वळवायचा आणि वाचन घ्यायचं. दोन्ही वेळा वाढ सारखीच, त्यामुळे भागाकारात ती उडून जाते. भरवसा ठेवायचा तो फक्त ऑसिलेटरचा मोजलेला व्होल्टेज, सिग्नल ठरावीक पटीत कमी करणाऱ्या ॲटेन्युएटरचे रोध आणि लूपची भूमिती यांच्यावर. 1920 च्या दशकात राल्फ बाउन, कार्ल एंग्लंड आणि हॅराल्ड फ्रिस या अमेरिकेतल्या रेडिओ इंजिनिअरांनी ही तुलनेची पद्धत पक्की केली. तिच्यातली विचारांची काटकसर मला अजून थक्क करते.

पुढे ही सगळी करामत हातात धरायच्या पेटीत मावली. मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये बनणाऱ्या नेम्स-क्लार्क 120-ई या मीटरचा लूप झाकणातच असे. झाकण उघडलं की अँटेना तयार. 10 मायक्रोव्होल्टपासून 10 व्होल्ट प्रति मीटरपर्यंत, म्हणजे दहा लाख पटींचा पल्ला एकाच पेटीत.

अलीकडे ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'रेडिएशन मीटर' वाय-फायजवळ धरून किंचाळवायचे, आणि मग फोनमागे चिकटवायचा 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर विकायचा, असा धंदा जोरात आहे. कुठली वारंवारिता, मीटर कुठल्या दिशेला धरला, कशाशी ताडून पाहिला, यातलं काहीही न सांगणारा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. स्टिकरने लहर खरंच शोषली, तर पहिल्यांदा फोनचं नेटवर्कच तुटेल. लोकांच्या भीतीवर चाललेली ही सरळ लूट आहे.

खऱ्या मीटरचं काम उघड्या माळावर चालतं. विजेच्या तारा, कुंपणं, पूल यांपासून दूर. अमेरिकेत ठरावीक दिशांनाच सिग्नल फेकणाऱ्या केंद्रांना परवान्याप्रमाणे नेमलेल्या ठिकाणी तीव्रता मोजावी लागे, नाहीतर त्याच वारंवारितेवरच्या दुसऱ्या केंद्राच्या प्रदेशात अतिक्रमण व्हायचं. इंजिनिअर केंद्रापासून एका सरळ रेषेत दूर जात वाचनं घेत आणि आलेखावर मांडत. आदर्श जमिनीवर 1 किलोवॉटचं केंद्र आखूड उभ्या अँटेनाने 1 किलोमीटरवर सुमारे 300 मिलिव्होल्ट प्रति मीटर देतं, आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता निम्मी होते. प्रत्यक्षातला आलेख याच्याही खाली उतरतो, कारण जमीन लहरीची ऊर्जा खाते. किती खाते हे त्या उतारावरूनच कळतं. समुद्राच्या पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) सुमारे 5 सीमेन्स प्रति मीटर, तर कोरड्या खडकाळ जमिनीची त्याहून काही हजार पटींनी कमी. म्हणून मुंबईतल्या केंद्राची लहर पाण्यावरून कोकण किनाऱ्याने जितकी टिकते, तितकी सह्याद्री ओलांडून देशावर जाताना टिकत नाही. शहरातल्या इमारतींचाही असाच परिणाम होतो. बाउन आणि गिलेट यांनी 1924 मध्ये न्यूयॉर्क परिसराचे समतीव्रता नकाशे (सारख्या तीव्रतेच्या जागा रेषांनी जोडलेले) छापले, तेव्हा उंच इमारतींमागे पडलेल्या रेडिओच्या सावल्या कागदावर दिसल्या. थंड प्रदेशात तर हिवाळ्यातली वाचनं उन्हाळ्यापेक्षा चढी येतात, त्यामुळे दोन ऋतूंतले आकडे तसेच शेजारी ठेवून केंद्राच्या अँटेनाला दोष देता येत नाही.